हृदयातील छिद्र बुजवल्यास अर्धशिशी बरी होते का?

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे असून कॉलेजात असल्यापासून मला अर्धशिशीचा त्रास आहे. डोके दुखू लागण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात. नुकत्याच झालेल्या तपासणीत हृदयात ‘पीएफओ’ असल्याचे निदान झाले. ते छिद्र बंद केल्यास डोकेदुखी कायमची जाईल, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ‘हृदयात छिद्र’ हे शब्द ऐकून घरातली सगळीच माणसे धास्तावतात, म्हणून प्रथम हे सांगतो की पीएफओ, म्हणजे पेटंट फोरामेन ओव्हेल, दर चार प्रौढांपैकी सुमारे एकामध्ये आढळतो. गर्भाची फुप्फुसे श्वासोच्छ्वास करत नसल्यामुळे आईकडून आलेले प्राणवायुयुक्त रक्त उजव्या कर्णिकेतून, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून, डाव्या कर्णिकेत थेट जावे, यासाठी निसर्गाने ठेवलेली ही झडपेसारखी वाट असते. जन्मानंतर डाव्या बाजूचा दाब वाढून ती मिटते, पण काहींमध्ये पुरती सांधली जात नाही. खोकताना किंवा कुंथताना उजवीकडचा दाब वाढला, की ती क्षणभर उघडते. बबल तपासणीत नेमके हेच पाहतात : हवेचे सूक्ष्म बुडबुडे मिसळलेले सलाइन हातातील शिरेतून देऊन रुग्णाला जोर लावायला सांगतात आणि एरवी फुप्फुसांत अडकणारे बुडबुडे दोन-तीन ठोक्यांतच डावीकडे दिसले, तर वाट उघडी आहे असे समजतात.

आपल्याला दिसणाऱ्या नागमोडी रेषांना ‘ऑरा’ म्हणतात आणि अशा अर्धशिशीच्या रुग्णांमध्ये पीएफओ इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सापडतो. फुप्फुसांत गाळली जाणारी रसायने किंवा रक्ताच्या बारीक गुठळ्या या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचून ऑरा सुरू करत असाव्यात, असा तर्क आहे. मात्र दोन गोष्टी एकत्र आढळणे वेगळे आणि एकीमुळे दुसरी होणे वेगळे.

ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्ट’ चाचणीत १४७ रुग्ण होते. निम्म्यांचे छिद्र जांघेतील शिरेतून छोटे उपकरण नेऊन बंद केले, उरलेल्यांना भूल देऊन जांघेत केवळ छेद दिला, म्हणजे आपल्यावर काय झाले हे रुग्णाला कळू नये. दोन्ही गटांत डोकेदुखी पूर्ण थांबलेले रुग्ण तीन-तीनच निघाले. २०१७ मधील ‘प्रीमियम’ या २३० रुग्णांच्या चाचणीलाही मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही. ऑरा असलेल्या काहींना त्यात लक्षणीय आराम पडला, हे नाकारता येत नाही, परंतु तेवढ्या आधारावर सर्वांना हा उपचार सुचवणे मला योग्य वाटत नाही. उपकरण बसवल्यानंतर काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, हेही लक्षात घ्यावे. पक्षाघात होऊन गेला असेल, वय साठीच्या आत असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर छिद्र बंद करण्याचा विचार जरूर करतात. आपल्या पत्रात तसे काही नाही.

त्यामुळे डोकेदुखीसाठी न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. महिन्यात वारंवार त्रास होत असल्यास रोज घ्यायची प्रतिबंधक औषधे आहेत. ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा अधिक असतो, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या आणि धूम्रपान तो आणखी वाढवतात. आपण अशा गोळ्या घेत असाल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑराविषयी आवर्जून सांगून तांबीसारखा दुसरा पर्याय निवडावा. आणि कधी अचानक तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूच्या हातापायातील जोर गेला, तर ती नेहमीची अर्धशिशी समजून घरी थांबू नये, तडक मोठ्या रुग्णालयात जावे.