‘आपलं माणूस’ कोणत्या लिंगात?

विचारणाऱ्या बाई नाशिकच्या. त्यांच्या धाकट्या जावेचं एकोणीस वर्षांचं अपत्य घरात सांगतंय की मला मुलगा म्हणू नका आणि मुलगीही म्हणू नका. त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘मग काय, “ते आलं” म्हणायचं? ते तर नपुंसकलिंग! माणसाला असं कुणी बोलतं का?’ बाईंचे प्रश्न दोन. अशा व्यक्तीला तृतीयपंथी म्हणायचं का, आणि नपुंसकलिंग लावणं अपमानाचं आहे का?

पहिल्याचं उत्तर लगेच देते. नाही. पंथ म्हणजे वाट, आणि त्या वाटेनं चालणारा समुदाय: नाथपंथ, महानुभाव पंथ. पंथात शिरावं लागतं. हिजडा समाजात गुरू असतो, चेले असतात, घराणी असतात, आत येताना रीत म्हणजे प्रवेशाचा विधी होतो. त्या व्यवस्थेला पंथ हा शब्द शोभतो. पण बातम्यांनी आणि सरकारी कागदांनी तो सरसकट सगळ्यांच्या कपाळी मारला. पिंपरीतल्या कंपनीत काम करणारी, ना गुरू ना घराणं अशी पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, स्त्री कुठल्या पंथाची? तिच्या बाबतीत ‘तृतीय’सुद्धा चूकच. ती तिसरी कुणी नाही, ती ‘ती’ आहे. पारलिंगी हा शब्द घडवलेला आहे, पण नीट घडवलाय, तो वापरा. जावेच्या अपत्याला मात्र तोही लगेच चिकटवू नका, ते स्वतःला काय म्हणतं ते आधी ऐका. आणि ‘उभयलिंगी’ मुळीच नको. हिंदीत पारलिंगी व्यक्तींच्या 2019च्या कायद्याच्या नावातच तो बसवलाय आणि तिथून आपल्याकडे झिरपतोय. मराठीत उभयलिंगी म्हणजे गांडूळ, हे आपण शाळेत शिकलोय.

आता नपुंसक. टीव्हीवरच्या चर्चेत कुणी कुणाला भेकड ठरवायचं असलं की हा शब्द निघतो. ‘नपुंसक धोरण’, ‘नपुंसक नेतृत्व’. ऐकून माझं डोकं फिरतं, कारण हे लोक व्याकरणातल्या एका देखण्या शब्दाची शिवी करून टाकतात. वर विद्वान त्यांच्या मदतीला येतात: पुंस् म्हणजे पुरुष, म्हणून नपुंसक म्हणजे पुरुष नव्हे, म्हणजेच पौरुष नसलेला. संपली व्युत्पत्ती! अहो, ‘पुरुष नव्हे’ एवढाच अर्थ असता तर जगातल्या सगळ्या बायका नपुंसक ठरल्या असत्या. संस्कृतात बाईला कुणी कधी नपुंसक म्हटलंय का?

खरी गंमत पाणिनीपाशी आहे. संस्कृतात नकाराचा ‘न’ समासात टिकत नाही. व्यंजनापुढे त्याचा ‘अ’ होतो, स्वरापुढे ‘अन्’. न ज्ञान ते अज्ञान, न एक ते अनेक. या नियमानं ‘अपुंसक’ व्हायला हवं होतं. पण पाणिनीच्या व्याकरणग्रंथात, अष्टाध्यायीत, एक सूत्र आहे, 6.3.75, त्यात अकरा शब्द एका दमात सांगितलेत, ज्यांचा ‘न’ जसाच्या तसा राहतो. नपुंसक त्यातला एक. त्याचे सोबती बघा: नकुल, नख, नक्षत्र, नक्र आणि नाक. यातलं नाक म्हणजे स्वर्ग. अक म्हणजे दुःख, जिथे दुःख नाही तो नाक. अशा पंगतीत नपुंसक बसलाय. आणि काशिकावृत्ती, म्हणजे अष्टाध्यायीवरची जुनी टीका, तिथे त्याचा विग्रह देते: न स्त्री न पुमान् नपुंसकम्. स्त्री नव्हे, पुरुषही नव्हे. त्यासाठी वृत्तिकार चक्क म्हणतात की इथे ‘स्त्रीपुंस’ या जोडीच्या जागी ‘पुंसक’ आलाय असं समजा. म्हणजे शब्दातून जी दिसत नाही ती स्त्री त्यांनी मुद्दाम मोजली. पौरुषाची कमतरता हा अर्थ कोशांत आहे, वापरातही जुना आहे, तो मी नाकारत नाही. पण व्याकरणातल्या लिंगाला हे नाव आहे ते ‘न स्त्री न पुमान्’ या अर्थानं. त्या एकोणीस वर्षांच्या पोरानं घरात नेमकं हेच वाक्य उच्चारलंय.

पतंजली याच्याही पुढे जातात. पाणिनीच्या सूत्रांवरच्या त्यांच्या महाभाष्यात एक श्लोक येतो: स्तन आणि केस असलेली ती स्त्री, अंगावर लव असलेला तो पुरुष, आणि दोन्हींचा अभाव ते नपुंसक. आपल्या गल्लीतही लोक लिंग असंच ठरवतात, अंगावरून. पतंजली हे मान्य करत नाहीत. ते विचारतात, मग भ्रूकुंसाचं काय? भ्रूकुंस म्हणजे स्त्रीवेष घेणारा नट. दिसण्यावरून ठरवलं तर त्या शब्दाला स्त्रीप्रत्यय लावावा लागेल. आणि खाट स्त्रीलिंगी, वृक्ष पुल्लिंगी. त्यांना कुठले स्तन आणि कुठली लव? पतंजलींना शब्दांचं कोडं सोडवायचं होतं, माणसांचं नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांचं एक वचन मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य. लिंग शिकवायची गरज नाही, ते लोकांच्या बोलण्यावर टेकलेलं असतं.

आणि लोक कसे बोलतात? मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. आई म्हणायची, आजी म्हणायची, कुणाच्या बाईपणाला धक्का लागला नाही. पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा खोलीतल्या मुली दर वाक्याला थांबवायच्या, ‘आलो काय, आले म्हण!’ दोन महिन्यांत माझी क्रियापदं बदलली. सुट्टीत घरी गेले आणि आजीशी ‘आले’ बोलले, तेव्हा ती माझ्याकडे परक्यासारखी बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं. माझा तर एक प्रत्ययच बदलला होता.

शनिवारी माझ्याकडे चार-पाच जण मोडी शिकायला येतात. त्यातल्या एकाचं बोलणं मला फार गोड वाटायचं, का ते कळत नव्हतं. दारात ‘येऊ का?’ उशीर झाला तर ‘बस चुकली’. ‘मी अर्धं पान लिहिलंय.’ ‘मला निघायचंय.’ ‘पुढच्या शनिवारी येईन.’ दोन महिन्यांनी उजेड पडला: या तोंडून ‘आलो’ही कधी निघालं नव्हतं आणि ‘आले’ही. मराठीतल्या सगळ्या चोरवाटा त्या पोरानं शोधून काढल्या होत्या. ‘लिहिलं’ पानाशी जुळतं, बोलणाऱ्याशी नाही. ‘मला’नं सुरू होणाऱ्या वाक्यात कर्त्याचं लिंग दिसत नाही. ‘येईन’ला लिंगच नाही, मराठीत भविष्यकाळात बाई आणि पुरुष सारखेच. पण किती वाक्यं सोडावी लागतात! ‘मी घाबरलो’ नाही, ‘भीती वाटली’. ‘मी रडले’ नाही, ‘रडू आलं’. एकदा लिफ्ट बंद होती, तीन मजले चढून खुर्चीत टेकल्यावर तोंडून निघालं, ‘दमलंय मी.’ आणि माझ्याकडे बघितलं, मी काय म्हणते म्हणून. मी पाणी दिलं. त्यात सुधारण्यासारखं काहीच नव्हतं. कोकणीत मुली स्वतःबद्दल हेच रूप वापरतात, हांव आयलें. त्या नपुंसकलिंगात बोलतात आणि त्यांना कुणी वस्तू समजत नाही.

मराठीतही नपुंसकलिंग वस्तूंचं नाही. मूल, लेकरू, पोर, बाळ. नवरा-बायको मिळून ‘दोघं’ जातात, बाई आणि पुरुष एकत्र आले की नपुंसकलिंगच दोघांना सामावून घेतं. आणि माणूस! एरवी पुल्लिंगी, पण जीव लावला की म्हणतो ‘आपलं माणूस’, ‘घरातलं माणूस’. अनेकवचनात तर ती ‘माणसं’च. ‘कार्टं’ आणि ‘ध्यान’ही याच लिंगातले, हे खरं, पण ‘टोणगा’ पुल्लिंगी आहे आणि ‘भवानी’ स्त्रीलिंगी. तुच्छतेला तिन्ही लिंगं चालतात.

हां, प्रश्न राहिला. इंग्रजीत अशा एका व्यक्तीलाही ‘दे’ म्हणतात, त्यावरून उचललेलं अनेकवचनी ‘ते आले’ पुष्कळजण सुचवतात. मला ते पटत नाही: मराठीत ‘ते आले’ पुल्लिंगी आदरार्थी आहे, एकोणीस वर्षांच्या पोराचे एकदम काका होतात. ‘ते आलं’ला त्रास एवढाच की पुढे ‘त्याला’ येतं आणि ते पुरुषासारखंच ऐकू येतं. ‘ते आले’च्या पुढचं ‘त्यांना’ मात्र तिन्ही लिंगांना चालतं. ‘ते आलं’ पोरकट वाटतं असंही कुणाला वाटू शकेल. म्हणून यातलं काय हवं हे जावेच्या अपत्यालाच विचारा, कोश उघडू नका. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014च्या निकालात आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केलाय, मग आपलं क्रियापद आपण का ठरवू नये? आणि सासूबाई जेवायला हाक मारताना काय म्हणतात तिकडे एकदा कान द्या. ‘कुठं गेलं माझं बाळ?’ असं असेल, तर त्यांच्या तोंडी ते लिंग एकोणीस वर्षं आहे.