नोट्स लिहाव्यात की विकत घ्याव्यात?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत असून ती प्रत्येक विषयाचा धडा रंगीत पेनांनी जवळजवळ जसाच्या तसा वहीत उतरवते. त्यापेक्षा सीताबर्डीतून तयार नोट्स आणून द्याव्यात का?
– एक पालक, महाल, नागपूर

उत्तर : तयार नोट्स उजळणीला चालतील, पण त्यांनी आपले टिपण काढण्याचे काम भागत नाही. धडा वाचून पुस्तक मिटावे, आठवेल ते लिहावे आणि मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या रंगाने भरावे. रंगीत पेनांचा खरा उपयोग एवढाच.

विषयानुसार टिपणाचे रूप बदलते. भिंगाच्या धड्यात १/v − १/u = १/f (u वस्तूचे अंतर, v प्रतिमेचे अंतर, f नाभीय अंतर) हे सूत्र पाठ असूनही गुण जातात ते अधिक-उणे चिन्हांमुळे, म्हणून सूत्राखाली एक सोडवलेले उदाहरण असावेच : बहिर्वक्र भिंगासाठी f = +१० सेंमी, u = −३० सेंमी, म्हणून v = +१५ सेंमी, आणि प्रतिमा वास्तव, उलटी व वस्तूच्या निम्म्या उंचीची. इतिहासात मात्र कारणांची साखळी हवी. १९५३ चा नागपूर करार, १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० ही नुसती सनावळी न लिहिता, विदर्भाला कोणती आश्वासने दिली गेली आणि त्यामुळे नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन का भरते, हे बाणांनी जोडावे. भूगोलाला नकाशा पुरे. गणिताच्या नोट्स नकोतच. चुकलेली उदाहरणे एका वहीत पुन्हा सोडवावीत.