विगामी युक्तिवाद वैध नसतो, मग तो चांगला की वाईट हे ठरवायचं कसं?

प्रश्न असा आहे: तर्कशास्त्राच्या पुस्तकात लिहिलंय की विगामी युक्तिवाद (विगमन, म्हणजे पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल काढलेला निष्कर्ष) वैध नसतो. मग सगळेच विगामी युक्तिवाद चुकीचे का? नसतील, तर त्यांतला बरा कुठला आणि टाकाऊ कुठला, हे कसं ओळखायचं?

सगळा घोळ ‘वैध’ या शब्दाने घातलाय. वैध-अवैध ही मापं निगमनाची, म्हणजे निष्कर्ष अटळ असल्याचा दावा करणाऱ्या युक्तिवादाची. आधारविधानं (ज्यांच्यावरून निष्कर्ष काढतो ती विधानं) खरी मानल्यावर निष्कर्ष खोटा असणं शक्यच नसेल, तर युक्तिवाद वैध. विगामी युक्तिवाद अशी हमी देतच नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की आधारविधानं खरी असतील तर निष्कर्ष बहुधा खरा. त्याला अवैध म्हणून नापास करणं म्हणजे दूध मापायला फूटपट्टी घेणं. त्याच्यासाठी सबळ आणि दुर्बळ हे शब्द आहेत, आणि त्यांत कमीजास्त असतं. ‘थोडासा वैध’ असं काही नसतं. ‘बऱ्यापैकी सबळ’ असतं.

जाता जाता: ‘विशेषाकडून सामान्याकडे जाणारं ते विगमन’ ही पाठ केलेली व्याख्या अपुरी आहे. ‘ही गाडी महिनाभर रोज उशिरा आली, म्हणून उद्याही येईल’ यात सामान्य विधान कुठेच नाही, तरी हे विगमनच. उलट गणितातलं ‘गणिती विगमन’ हे नावालाच विगमन. तिथला निष्कर्ष आधारविधानांतून अटळपणे निघतो, म्हणजे ते चक्क निगमन आहे.

आता तपासणी. शितावरून भाताची परीक्षा हे आपलं जुनं विगमन. एक शीत दाबून अख्ख्या पातेल्याबद्दल बोलतो आणि सहसा चुकत नाही. का? तांदूळ एक, पाणी एक, आच एक; एक शीत दुसऱ्यासारखं असायला कारण आहे. पंगतीच्या मोठ्या भांड्यात तळाचा भात लागलेला आणि वरचा कणीदार असू शकतो, म्हणून तिथे तीन-चार ठिकाणची शितं बघावी लागतात. तेव्हा ‘किती उदाहरणं पाहिली’ याच्याही आधी मी विचारतो: सगळा माल एकसारखा आहे का, आणि हे उदाहरण हातात आलं कसं?

आंब्याच्या पेटीवर हे नीट दिसतं. युक्तिवाद असा: ‘वरच्या थरातले बाराही आंबे चांगले निघाले, म्हणून पाच डझनांची पेटी चांगली आहे.’ साठातले बारा म्हणजे नमुना लहान नाही. तरी युक्तिवाद दुर्बळ, कारण वरचा थर विकणाऱ्याने लावलेला असतो. पेंढा बाजूला करून वेगवेगळ्या थरांतले, न निवडता बारा काढले, तर तोच आकडा कितीतरी जास्त बोलतो.

आकड्यालाही अर्थात किंमत आहे. समजा साठात सहा आंबे नासके आहेत. न निवडता पाच काढले, तर पाचही चांगले निघण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के. दहा काढले तर सुमारे ३२ टक्के. म्हणजे दहा आंबे बघूनही तीनातल्या एका वेळी फसगत होईल. म्हणूनच निष्कर्ष किती ताणलाय हे बघायचं. ‘दहा चांगले निघाले, म्हणून पेटीतला प्रत्येक आंबा चांगला’ हे दुर्बळ. त्याच दहांवरून ‘निम्म्याहून जास्त आंबे चांगले’ हे चांगलंच सबळ. आधारविधानांना हात न लावता निष्कर्ष आखडता घेतला की युक्तिवाद बळावतो.

जनमत चाचण्यांत हाच हिशेब असतो. यादृच्छिक, म्हणजे न निवडता घेतलेला, नमुना १,००० जणांचा असेल तर चूक साधारण तीन टक्के इकडेतिकडे. ती निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. लोकसंख्या लाखभर आहे की शंभर कोटी, याने जवळजवळ फरक पडत नाही. पण नमुना एकांगी असेल तर मोठा आकडा काहीच वाचवत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज होता उमेदवार लँडन यांना ५७ टक्के मतांचा. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मतं पडली आणि लँडन यांना दोनच राज्यं मिळाली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? वर, मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांची मतंही सारखी नव्हती.

साम्यानुमानाचं, म्हणजे दोन गोष्टींतल्या सारखेपणावरून केलेल्या अनुमानाचं, थोडक्यात सांगतो, कारण त्यात एकच खोच आहे. ‘शेजारच्या शेतात सोयाबीनचं हे वाण चांगलं पिकलं, माझ्याकडेही पिकेल.’ जमीन, पाणी, पेरणीची तारीख सारखी असेल तर हे साम्य कामाचं. दोन्ही शेतं एकाच गावात आणि एकाच भावकीत आहेत, ही साम्यं कितीही मोजली तरी उताऱ्याशी त्यांचा संबंध नाही.

कार्यकारणाचे युक्तिवाद सगळ्यांत निसरडे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४६ साली पहिल्या प्रसूती विभागात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. तिथला डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस याने दोन विभागांत काय काय वेगळं आहे ते एकेक करून तपासलं. गर्दी? ती दुसऱ्यातच जास्त. बाळंतिणीला कुशीवर झोपवणं? पहिल्यातही तसं करून पाहिलं, फरक नाही. उरलं ते हे, की पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट येत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदनात बोटाला जखम होऊन बाळंतिणींसारख्याच लक्षणांनी वारला. मे महिन्यापासून क्लोरिनच्या द्रावणाने हात धुणं सक्तीचं झालं. १८४८ मध्ये पहिल्या विभागाचं प्रमाण १.२७ टक्के, दुसऱ्याचं १.३३. ‘आधी हे, नंतर ते, म्हणून याच्यामुळे ते’ यापेक्षा हा युक्तिवाद वेगळा पडतो तो दोन गोष्टींमुळे: तुलनेला दुसरा विभाग आहे, आणि बाकीची कारणं नुसती नाकारली नाहीत, तपासून बाजूला केली.

आणि तरीही तो पुरता बरोबर नव्हता. दोष फक्त हातांवरून येणाऱ्या प्रेतांतल्या कणांचा, असं सेमेलवाइसने धरलं होतं. १८४७ मध्येच गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या एका बाईला तपासून, मध्ये नुसत्या साबणाने हात धुऊन, पुढच्या बायकांना तपासलं गेलं. बारांपैकी अकरा दगावल्या. मग निष्कर्ष रुंद केला: जिवंत माणसाच्या शरीरातल्या सडक्या स्रावानेही हे होतं.

निगमनात असं घडत नाही. वैध युक्तिवादात आणखी दहा आधारविधानं घाला, तो वैधच राहतो. विगमनात एक नवी माहिती सबळाला दुर्बळ करते. म्हणून आधारविधानं खरी आहेत का हे पाहून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: माहीत असलेलं काही वगळलंय का? पेटीतले दहा आंबे चांगले निघाले हे खरं असेल, पण अकरावा नासका निघाल्यावर तो हळूच बाजूला ठेवला असेल, तर सांगितलेलं प्रत्येक विधान खरं आणि युक्तिवाद मात्र कुचकामी. उत्तरपत्रिकेत हे ‘अवैध’ या एका शब्दात उरकू नका. दुर्बळ लिहा आणि तो अकरावा आंबा दाखवा.