वाचकांचे प्रश्न : चेतातंतू संपतो तिथे

आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. फळछाटणीनंतर फवारणी करणाऱ्या आमच्या गड्याला दुपारी दरदरून घाम आला, तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. दवाखान्यात ॲट्रोपिन दिल्यावर तो सावरला, दुसऱ्या दिवशी बोलू लागला. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला उशीवरून मान उचलता येईना. विष उतरलं होतं, मग हे काय झालं?
(तासगाव, जि. सांगली)

विष उतरलं नव्हतं. त्याचा एक परिणाम आटोक्यात आला होता, दुसरा चालूच होता. ही लक्षणं ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकाची आहेत. डायमिथोएट, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सगळी त्याच घरातली.

चेतातंतू स्नायूला थेट जोडलेला नसतो. दोघांमध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन या संदेश नेणाऱ्या रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि एकेकीत पाच ते दहा हजार रेणू असतात. संदेश आला की पिशव्या फटीत रित्या होतात. पलीकडे स्नायूवर बसलेल्या ग्राहीला, म्हणजे हा रेणू ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, दोन रेणू चिकटले की त्याचं दार उघडतं, सोडियम आत शिरतं आणि स्नायू आकसतो. लगेच ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम उरलेले रेणू तोडून फट मोकळी करतं. एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला असे हजारो रेणू तोडतो. कीटकनाशक नेमकं या एन्झाइमच्या कामाच्या जागी फॉस्फरसचा गट चिकटवून ठेवतं. फट साफ होत नाही. ग्रंथी वाहत राहतात, स्नायू आधी थरथरतात आणि मग लुळे पडतात.

ॲट्रोपिन ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिका यांच्यावरचे ग्राही झाकतं. म्हणून घाम आणि लाळ थांबते, छातीतली घरघर जाते. स्नायूवरचे ग्राही वेगळ्या जातीचे असतात, ॲट्रोपिन त्यांना शिवतही नाही. त्यामुळे २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. ‘आता बरा आहे’ म्हणून रुग्णाला दुसऱ्या दिवशी घरी आणलं, तर नेमका धोका तिथेच असतो. पहिले चार दिवस रोज त्याला उशीवरून मान उचलायला सांगा. जमत नसेल तर व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवा. दम लागण्याची वाट पाहू नका.

ॲट्रोपिनची मात्रा १ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर ५ मिनिटांनी दुप्पट करत नेतात. छाती साफ, काख कोरडी आणि नाडी ८० च्या वर, इथवर जायचं असतं. बाहुल्या मोठ्या झाल्या एवढ्यावर थांबणं चुकीचं, कारण छाती तेव्हाही भरलेली असू शकते.

एन्झाइमवर चिकटलेला गट सोडवणारं औषध म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, दवाखान्यात त्याला ‘पॅम’ म्हणतात. इथे वेळ फार महत्त्वाची. काही तासांनी तो गट पक्का होतो आणि मग कशानेही सुटत नाही. डायमिथोएट, मोनोक्रोटोफॉस यांच्या बाबतीत निम्मं एन्झाइम सुमारे पावणेचार तासांतच असं कायमचं बाद होतं, क्लोरपायरिफॉस आणि क्विनॉलफॉसच्या बाबतीत सुमारे ३३ तासांत. म्हणून बाटली किंवा तिचं लेबल रुग्णाबरोबर न्यायलाच हवं. या औषधाबद्दलचं संशोधन एकमुखी नाही. शेजारच्या बारामतीत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सलग ४८ तास तासाला १ ग्रॅम मिळालेल्या रुग्णांत १ टक्का मृत्यू झाले. दर चार तासांनी १ ग्रॅम मिळालेल्यांत ते ८ टक्के होते. श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत मात्र रक्तातलं एन्झाइम सुधारूनही मृत्यू कमी झाले नाहीत. आमच्या मते यातून एवढंच ठामपणे म्हणता येतं की, ‘पॅम’ असो वा नसो, भरपूर ॲट्रोपिन आणि वेळेवर श्वासाचा आधार यांवरच जीव वाचतो.

आता पुढच्या हंगामाचं. पाठीवरचा पंप गळत असेल तर औषध कमरेखाली झिरपतं, आणि जांघेतली त्वचा ते हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी पट जास्त शोषते. पंपाचा वॉशर आधी बदला. हातमोजे नायट्राइलचे घ्या. सुती मोजे औषध पिऊन ते त्वचेला लावून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात बरा. नोझल तोंडाने फुंकू नका. औषध अंगावर सांडलं तर आधी कपडे काढा, मग साबणाने धुवा, उलटा क्रम नको. फळछाटणीआधी, पहिल्या फवारणीपूर्वी, प्रत्येक फवारणाऱ्याची लाल पेशींतल्या कोलिनेस्टरेजची तपासणी करून आकडा लिहून ठेवा. निरोगी माणसांतही हा आकडा इतका वेगवेगळा असतो की मूळ नोंद नसेल तर पुढची तपासणी फारसं सांगत नाही. कॅलिफोर्नियात तो मूळच्या ७० टक्के किंवा त्याहून कमी झाला की कामगाराला फवारणीवरून काढतात आणि ८० टक्क्यांवर गेल्याशिवाय परत घेत नाहीत. हा नियम आपल्याकडच्या बागायतदारांनी आपणहून पाळावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ऊसतोडीच्या कोपीत जमिनीवर झोपलेल्या पोराला पहाटे पोटात कळ आली, उलटी झाली आणि पापण्या मिटू लागल्या. चावल्याची खूण कुठेच नव्हती. डॉक्टरांनी मण्यार चावल्याचं सांगून प्रतिविष दिलं, तरी सहा दिवस व्हेंटिलेटर लागला. प्रतिविष निकामी होतं का?
(कराड, जि. सातारा)

नाही. मण्यारीचं विष फटीच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे चेतातंतूच्या टोकावर घाव घालतं. त्यातला मुख्य घटक टोकाचं आवरण विरघळवतो, पिशव्या रिकाम्या होतात आणि टोकच मोडून पडतं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष बांधतं, मोडलेलं टोक जोडत नाही. ते नव्याने उगवावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. तोवर श्वास यंत्राने चालू ठेवला तर रुग्ण पूर्ण बरा होतो. सहा दिवस हे अपयश नव्हे, टोकं परत वाढण्याचा तो वेळ आहे.

नागाचं विष फटीच्या पलीकडे काम करतं. ते स्नायूवरच्या ग्राहीवर झाकण घालून बसतं, ग्राही मोडत नाही. म्हणून नागदंशात निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. ते एन्झाइमला आवरतं, फटीत ॲसिटिलकोलीन साठतं आणि झाकणाशी झुंजतं. (बागेतलं कीटकनाशक जे करून मारतं, तेच इथे मोजक्या मात्रेत तारतं.) मोठ्या माणसाला १.५ मिलिग्रॅम निओस्टिग्मिन आणि आधी ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन देऊन पापण्या उघडतात का ते तासभर पाहतात. मण्यारीच्या बाबतीत पिशव्याच रित्या असल्याने बहुधा काही फरक पडत नाही, मग तोच डोस पुन्हा पुन्हा देत बसू नये. प्रतिविषाची मात्रा लहान मुलालाही मोठ्याइतकीच लागते, कारण साप मुलाला बेताने विष देत नाही.

मण्यारीचे दात बारीक, दंश जवळजवळ न दुखणारा आणि वेळ रात्रीची. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत बसू नका. कोपीतही खाट वापरा. ती नसेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा.

संशोधनाचं म्हणाल तर ज्या ग्राहीवर हे सगळं चालतं तो शोधला गेला तोच सापाच्या विषामुळे. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून १९६३ साली वेगळा काढलेला एक घटक ग्राहीला इतका घट्ट धरतो की त्याच्या आधारे ग्राही बाजूला काढता आला. २०२० साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो घटक ग्राहीच्या पाच पाकळ्यांमध्ये नेमका कसा बसतो, ते जवळजवळ अणू-अणू दिसेल इतकं स्पष्ट झालं. २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर या जातीच्या विषघटकांवर चालणारं कृत्रिम मानवी प्रतिपिंड तयार केलं. ते अजून उंदरांपुरतं आहे, आणि चेताटोक मोडणाऱ्या घटकावर ते लागू पडत नाही.

माशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा तयार झाला असं वाचलं. त्याचा उपयोग काय?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सांगली)

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा नकाशा फळमाशीचा आहे. खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूचे ७,०५० काप, त्यांची सुमारे २ कोटी १० लाख छायाचित्रं, आणि त्यांतून १,३९,२५५ चेतापेशी आणि ५ कोटींहून अधिक जोडण्या. त्याआधी, १९८६ मध्ये, ३०२ चेतापेशींच्या एका सूत्रकृमीचं असं काम झालं होतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, तेव्हा तुलना जपूनच करावी.

आम्हाला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते रसायनाचं काम. जोडणीचं नुसतं छायाचित्र पाहून तिथे ॲसिटिलकोलीन सुटतं की ग्लुटामेट की गाबा (ही दोन्हीही संदेश नेणारी रसायनं), हे संगणकाला ओळखता येऊ लागलं. माशीच्या मेंदूत उत्तेजनाचं मुख्य काम ॲसिटिलकोलीन करतं आणि स्नायूपाशी ग्लुटामेट; माणसात साधारण याच्या उलट. तासगावच्या प्रश्नातलं औषध किडीला इतकं लवकर मारतं ते याचमुळे, तिचा मेंदूच त्या रसायनावर चालतो.

वय ५८, शाकाहारी. मधुमेहासाठी १० वर्षं मेटफॉर्मिन घेतो. तळपायांना मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं, आंघोळीला तोंडावर साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. बी-१२ चा रिपोर्ट २४० आहे आणि पुढे ‘नॉर्मल’ लिहिलंय. मग हे मधुमेहाचंच ना?
(वाई, जि. सातारा)

तसं गृहीत धरू नका. २०० ते ३०० पिकोग्रॅम ही संशयाची पट्टी आहे, आणि मेटफॉर्मिनने बी-१२ चं शोषण कमी होतं. अशा वेळी रक्तातलं मिथाइलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन तपासतात. दोन्ही वाढलेली असतील तर पेशींना बी-१२ कमी पडतंय. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र हे आकडे एरवीही चढतात. रक्त तपासायला इंजेक्शनच्या आधी द्या. नंतरचा चांगला आकडा काहीच सांगत नाही.

डोळे मिटल्यावर तोल जाणं ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. पाय कुठे आहे ही खबर कण्यातल्या मागच्या पट्ट्यांतून मेंदूला जाते. त्या तंतूंभोवती मायलिन या स्निग्ध आवरणाचे वेढे असतात. वेढे शाबूत असतील तर जाड तंतूतून संदेश सेकंदाला ५० मीटरहून वेगाने धावतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तो मीटरभराच्या आसपास असतो. बी-१२ कमी पडलं की हे वेढे फुगून सुटू लागतात. डोळे उघडे असताना नजर ती उणीव भरून काढते, मिटले की उघडी पडते. मधुमेहात सहसा पायाच्या नसा जातात, कण्यातला हा मार्ग नव्हे. म्हणून डॉक्टरांना घोट्यावर ट्यूनिंग फोर्क लावून कंप जाणवतो का हे तपासायला सांगा.

चेतासंस्थेवर परिणाम असेल तर साधारणपणे १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं दिवसाआड देतात, सुधारणा थांबेपर्यंत. मग महिन्या-दोन महिन्यांनी. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेऊ नका, तिने रक्त सुधारतं आणि कण्याची हानी आतल्या आत चालू राहते. पुढे रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते. गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच असली तरी नेहमीचा शोषणमार्ग बंद असताना जेमतेम १ टक्का आपोआप झिरपतो, त्याच्या हिशेबाने ही मात्रा आहे. स्पिरुलिना आणि आंबवलेलं पीठ यांच्यावर भरवसा ठेवू नका. दूध-दही उपयोगी आहे, पण झालेली तूट त्याने भरून निघत नाही.

सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर बरंच परत येतं, वर्षं गेली तर थोडंच.

सांगलीची हळद मेंदूला चांगली म्हणून नातवाला रोज हळदीची कॅप्सूल द्यावी का?
(आजी, विश्रामबाग, सांगली)

नको. हळदीत कुरक्युमिन साधारण ३ टक्के असतं आणि पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. काचेच्या नळीत ते जवळजवळ प्रत्येक प्रथिनाशी गुंततं, त्यामुळे प्रयोगशाळेतले निकाल फार आशादायी दिसतात. स्मरणशक्तीसाठी मुलाला द्यावं असा आधार नाही. आमटी-भाजीतली हळद मात्र खुशाल चालू ठेवा.

मुलाच्या मेंदूच्या दृष्टीने हळदीत पाहायचं ते वेगळंच, तिच्यात शिसं तर नाही ना. रंग उजळवण्यासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, फासण्याचा प्रकार बांगलादेशात उघड झाला. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत तो आढळला, आणि कडक कारवाईनंतर २०२१ मध्ये एकाही नाही. शिसं शरीरात कॅल्शियमची जागा घेतं. चेताटोकातली पिशवी रिती होते ती कॅल्शियमच्या इशाऱ्याने, शिकण्यासाठी लागणारा एक ग्राहीही त्याच्यावरच चालतो. शिसं दोन्हीकडे घोटाळा करतं. नंतर औषधाने रक्तातलं शिसं उतरवलं तरी गेलेली बुद्धिमत्ता परत येत नाही, हे २००१ च्या मोठ्या चाचणीत दिसलं.

म्हणून हळकुंडं घ्या आणि एक मोडून पाहा. चांगल्या हळकुंडाचा आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद असतो. वरून झगझगीत पिवळं आणि आत फिकं, चोळल्यावर बोटांना भडक भुकटी, असं असेल तर ते घेऊ नका. ग्लासभर पाण्यात हळद टाकून पाहण्याच्या किंवा आम्लाच्या घरगुती चाचणीने शिशाचा निकाल लागत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. आपल्याकडची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. शंका असेल तर नातवाच्या रक्तातलं शिसं तपासा. ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त निघालं, तर घरातला मसाला, जुना रंग आणि भांड्यांची कल्हई या तिन्हींचा शोध त्याच आठवड्यात घ्या.