डिकी मोकळी ठेवून गाडीची साउंड सिस्टीम कशी सुधारावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2019ची स्विफ्ट, राहायला गोव्यातल्या फोंड्याला. कंपनीच्या स्पीकरचा आवाज डबा वाजवल्यासारखा येतो. दुकानदार म्हणतो डिकीत 12 इंची सबचा (खोल बेससाठीच्या सबवूफर स्पीकरचा) बॉक्स टाका. तुम्हाला मात्र चवथीचा बाजार, नारळाची पोती आणि चार माणसांच्या बॅगा यांसाठी डिकी हवी. बजेट 40 हजार.

बॉक्स टाकू नका. 12 इंची सबचा साधा बॉक्स बाहेरून 60 × 40 × 38 सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे 91 लिटर. तुमच्या स्विफ्टची डिकी 268 लिटरची. एक तृतीयांश तिथेच गेली, आणि उरते ती जागाही अशी वेडीवाकडी की मोठी बॅग आडवी बसत नाही. शिवाय तुमची तक्रार डबा वाजवल्यासारख्या आवाजाची आहे. तो दारातून येतो. डिकीत कितीही मोठा सब ठेवला तरी दार डबाच राहणार, वर नंबरप्लेट खुळखुळायला लागेल ती वेगळीच.

म्हणून निम्मं लक्ष पुढच्या दोन दारांवर घाला. बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहा, 'ठण्ण' असा आवाज येईल. स्पीकर वाजतो तेव्हा हा पत्राही सोबत वाजतो, आणि आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांतून स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो. बेस तिथेच मरतो. उपाय 2 मिलिमीटर जाडीच्या ब्यूटाइल डॅम्पिंग शीटचा, म्हणजे पत्र्याचा कंप शोषणाऱ्या चिकट रबरी शीटचा. पुढच्या दोन दारांना साधारण दोन चौरस मीटर शीट लागते, वजन सहा-सात किलोने वाढतं. बाहेरचा पत्रा पूर्ण मढवायची गरज नाही, मधला निम्मा भाग पुरतो. आतल्या पत्र्याची मोठी भोकं मात्र बंद झालीच पाहिजेत. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि शीट रोलरने इतकी दाबायची की फॉइलवरची नक्षी सपाट होईल. नुसत्या हाताने चिकटवलेली शीट एप्रिल-मेच्या उन्हात सुटते. स्वस्तात मिळणारी डांबरी शीट घेऊ नका, उन्हात तापली की वास मारते आणि खाली घसरते. काम नीट झालं की तोच पत्रा ठोकल्यावर 'ठप्प' वाजतो.

आता गोव्यातला खरा घोटाळा: पाणी. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच, दाराची रचनाच तशी आहे. ते बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने ओघळून दाराच्या तळाच्या फटींतून बाहेर पडतं. डॅम्पिंग करणारा पोरगा उत्साहाच्या भरात या फटींवरही शीट मारतो. मग दारात तळं साचतं, गाडी वळली की डचमळ ऐकू येते आणि दोन पावसाळ्यांत दाराचा खालचा काठ गंजतो. दुसरी चूक डोअर पॅडच्या मागच्या प्लॅस्टिक पडद्याची. काळ्या चिकट डिंकाने लावलेला हा पडदा फाडून फेकून देतात. पहिल्या धो-धो पावसात पाणी पॅडमधून पायाखालच्या कार्पेटवर येतं आणि लोक छताला दोष देत बसतात. पडदा शाबूत ठेवायचा, नाहीतर आतला पत्रा शीटने काठोकाठ सील करायचा.

पॅड परत बसवण्याआधी दुकानातच चाचणी घ्या. काच वर करा, बाहेरून काचेवर अर्धा लिटर पाणी ओता आणि दाराच्या खाली बघा. पाणी मिनिटाभरात ठिबकायला हवं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी हे केल्याशिवाय पॅड लावू देऊ नका. पॅडच्या डझनभर क्लिप आधीच आणून ठेवा, जुन्या दोन-चार तुटतातच आणि क्लिप नसलेलं पॅड नव्या बेसवर करकरतं.

स्पीकर पुढे 6.5 इंची कंपोनंट घ्या, म्हणजे वूफर दारात, बारीक सुरांचा ट्वीटर वेगळा आणि मध्ये दोघांना आपापले सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर. कंपनीचा स्टिरिओ डब्यावर काहीही लिहो, खरे आरएमएस (सलग मिळणारी ताकद) 15 ते 18 वॅटच देतो. म्हणून पाकिटावरचे '300 वॅट' न पाहता सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर किती आवाज निघतो ते) बघा, 90 डेसिबल किंवा वर. 87 वाल्याला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) पॉलिप्रॉपिलिनचा आणि कडा रबराची असावी; आपल्या हवेत फोमची कडा कुजते. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको, दमटाने ती बिस्किटासारखी फुगते आणि स्क्रू सुटतात. एचडीपीई किंवा पीव्हीसी प्लॅस्टिकची कापून घ्या. तिची जाडी ठरवण्याआधी काच पूर्ण खाली करून स्पीकरच्या चुंबकापर्यंतचं अंतर मोजा, नाहीतर काच त्यावर घासते. स्पीकरच्या वर, दाराच्या आत, क्लोज्ड सेल फोमची छोटी पट्टी वळचणीसारखी लावली तर थेंब चुंबकावर पडत नाहीत. ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनी पट्टीत बसवा. कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत ए-पिलरला, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाला, भोक पाडू देऊ नका.

मागच्या दारांना हात लावू नका, स्टिरिओचा फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) जरा पुढे घ्या. मागचे स्पीकर बदलण्यात गेलेले पैसे मला तरी वाया वाटतात.

एवढं करून महिनाभर ऐका. भजन, नाट्यगीतं, घुमट आरती (घुमट या गोव्यातल्या मातीच्या वाद्यावरची) हेच जास्त ऐकत असाल तर कदाचित इथेच थांबाल. घुमट किंवा डग्ग्याचा घुमारा 30 हर्ट्झच्या खोलीला जात नाही, नीट सील केलेलं दार तो बऱ्यापैकी काढतं.

सब हवाच असेल तर तुमच्यासाठी सीटखालचा 8 इंची अ‍ॅक्टिव्ह सब. अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) त्यातच असतो, उंची सात-आठ सेंटिमीटर. ड्रायव्हरच्या सीटखाली उंची बदलायची यंत्रणा असेल तर जागा कमी, म्हणून बाजूच्या सीटखाली बघा. मोजण्याची सोपी युक्ती अशी: कणकेचे चार गोळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटखाली चार ठिकाणी ठेवा, घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला बसवा, सीट पूर्ण पुढे-मागे करा. दबलेल्या गोळ्याची सर्वांत कमी जाडी हीच तुमची उंची, त्यातून एक सेंटिमीटर वजा. नुसती टेप लावून मोजलं तर माणूस बसल्यावर सीटच्या स्प्रिंगा सबवर टेकतात. सीटखालच्या पिवळ्या कपलरांना हात लावायचा नाही, ते एअरबॅग आणि बेल्टचे. सीट काढावी लागलीच तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा.

सब थेट कार्पेटवर ठेवू नका. एसीची ड्रेन नळी तुंबली की पाणी नेमकं डाव्या बाजूच्या सीटच्या पायाशी येतं आणि कार्पेटखालचा फोम ते स्पंजासारखं शोषतो. वरून कोरडं, खाली चिखल. दीड सेंटिमीटरचे रबरी पाय देऊन पट्टीने घट्ट बांधा. अपेक्षाही माफक ठेवा: 40 हर्ट्झच्या खाली हा सब दमतो. छोट्या बंद केबिनमध्ये खालचे सूर आपोआप थोडे उचलले जातात, त्यामुळे ऐकायला तो कागदावर दिसतो त्यापेक्षा बरा वाटतो.

याहून खोल बेस हवा तर डिकीच्या बाजूचा, चाकाच्या कमानीमागचा कोनाडा फायबरग्लासने बंद करून त्यात 8 इंची सब बसवता येतो. सीलबंद पेटीत त्याला 9 ते 14 लिटर हवा लागते. कोनाडा मोजायला पॉलिथिनची पिशवी आत पसरून लिटरच्या मापाने चुरमुरे भरा. फायबरची जाडी आणि सबचा स्वतःचा आकार यांसाठी दोन-तीन लिटर वजा करा. आठच्या खाली आलात तर नाद सोडा. होड्यांचं फायबरकाम करणारे कारागीर आपल्याकडे आहेत, त्यांचा हात कार-डेकोरवाल्यापेक्षा पक्का असतो. फक्त जून-जुलैत हे काम देऊ नका, दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही, चिकट राहतं.

स्टेपनीच्या रिंगमध्ये बसणारे सबही मिळतात. रात्री पावसात अनमोड घाटात पंक्चर झालं की आधी सब उपसा, मग टायर. मी सुचवणार नाही.

वायरिंगवर कंजुषी नको. स्वस्त किटमधली वायर बहुधा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खाऱ्या हवेत टोकं पांढरी भुकटी होऊन झिजतात आणि करंटही कमी जातो. शुद्ध तांब्याची, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली घ्या. एकट्या सीटखालच्या सबला 8 गेज भरपूर. पुढे अ‍ॅम्प टाकायचा विचार असेल तर आताच त्याहून जाड 4 गेज ओढा, डॅशबोर्ड पुन्हा उघडायला नको. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत. तो सबजवळ असला तर मधली सगळी वायर उघडी राहते आणि घासून शॉर्ट झाली की आग. वायर इंजिनकडून आत येते तिथे रबरी ग्रोमेटच्या आधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी झोक्यावरून ठिबकेल, वायरीवरून केबिनमध्ये येणार नाही. अर्थची (गाडीच्या पत्र्याला जोडायची) वायर छोटी ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा आणि वरून पुन्हा रंग मारा, नाहीतर पहिला गंज तिथेच धरतो. इंजिनच्या वेगाबरोबर 'कुंईऽऽ' असा आवाज वाढत गेला तर आधी हीच अर्थची वायर तपासा.

सबला सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरींतून हाय-लेव्हल इनपुटने द्या, कपलर वापरा, मूळ वायर कापू देऊ नका. सबचा लो-पास, म्हणजे वरचे सूर कापणारा फिल्टर, 80 हर्ट्झवर. कंपनीच्या स्टिरिओत हाय-पास, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर, बहुधा नसतो, म्हणून पुढच्या वूफरना मालिकेत 470 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावा. 4 ओमला तो साधारण 85 हर्ट्झखालचं हळूहळू कापतो आणि दार मोकळं होतं. नंतर कधी अ‍ॅम्प घेतला तर त्याचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) कानाने लावू नका: समजा 60 वॅट, 4 ओम, म्हणजे गुणाकार 240, त्याचं वर्गमूळ 15.5. स्टिरिओ पाऊण आवाजावर, टोन सगळे शून्यावर, 1 किलोहर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या वायरी काढून मल्टिमीटरवर 15.5 एसी व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवायचा.

पैशांची वाटणी साधारण अशी धरा: डॅम्पिंग पाच हजार, कंपोनंट दहा, सब तेरा, वायर-फ्यूज तीन, मजुरी चार. पाच हजार हातात राहतात, ते अ‍ॅम्पसाठी बाजूला ठेवा.

शेवटी सबवरचं फेजचं बटण. ड्रायव्हरच्या जागी बसून ओळखीचं गाणं लावा, दुसऱ्याला 0 आणि 180 आलटून पालटून करायला सांगा. ज्यात बेस भरून समोरून आल्यासारखा वाटेल ते ठेवा. आणि दर ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की, सीट मागे घेऊन कार्पेटखाली हात घालून बघा. ओलं लागलं तर सब बाहेर काढून आधी एसीची नळी साफ करून घ्या.