आईला ताप नाही, पण ती जेवत नाही: डॉक्टरांना कळवावे का?

सिंहगड रस्त्यावरील शुश्रूषा केंद्रात असलेल्या आपल्या ८२ वर्षांच्या आई कालपासून जेवत नाहीत आणि सारख्या झोपून असतात, पण ताप नाही. अशा वेळी डॉक्टरांना कळवावे का, असे आपण विचारले आहे. पुण्यातल्या अशाच एका केंद्रात मी परिचारिका आहे. माझे उत्तर असे, की आजच कळवावे, तापाची वाट पाहू नये.

उतारवयात संसर्ग झाला तरी ताप चढतोच असे नाही. ज्यांचे एरवीचे तापमान ९७ अंश फॅरेनहाइट असते, त्यांच्या बाबतीत ९९.४ हा आकडाही कळवण्याजोगा असतो. म्हणून बरे असतानाचे तापमान, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवायला सांगावे. हाकेला लगेच ओ देणारी व्यक्ती अचानक गुंगीत राहू लागली किंवा रोजच्या मावशींनाही ओळखेनाशी झाली, तर "वयामुळे होतं असं" म्हणून ते कधीही सोडून देऊ नये. अशा वेळी श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. तो २५ किंवा त्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांना तत्काळ फोन करावा आणि धाप वाढत असेल तर १०८ ला.

फोनवर "आजींना बरं वाटत नाहीये" एवढेच सांगितले, तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे सांगावे: "वय ८२, मधुमेह आहे, लघवीची नळी आहे. काल दुपारपासून गुंगी. सकाळी ९ वाजता ताप ९९.६, एरवी ९७.४, नाडी ११०, श्वास २४, रक्तदाब १००/६०, ऑक्सिजन ९३. पॅरासिटामॉल दिलेली नाही." शेवटचे वाक्य विसरू नये, कारण त्या गोळीने ताप झाकला जातो. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, तेही न विचारता सांगावे.

लघवी गढूळ दिसते किंवा वास येतो, एवढ्यावरून मात्र अँटिबायोटिकचा आग्रह धरू नये. बरेच दिवस नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू बहुधा सापडतातच. त्याच्या जोडीला ताप, थंडी वाजून येणे, कंबरेच्या बाजूला दुखणे किंवा नव्याने आलेला गोंधळ आहे का, ते डॉक्टरांना सांगावे.

डॉक्टर काय म्हणाले, पुन्हा केव्हा मोजायचे आणि कोणत्या आकड्याला परत फोन करायचा, हे वेळेसह नोंदवहीत लिहून घ्यावे आणि रात्रपाळीच्या सिस्टरने ते वाचले आहे, याची आपण स्वतः फोन करून खात्री करावी.