फ्लॉरेन्स आई-बाबांसोबत: गाईड कुठे घ्यावा आणि कुठे आपलं आपण जावं

ताई, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला होता, पण घाईघाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. मे महिन्यात इटलीतल्या फ्लॉरेन्सला चार रात्री, सोबत सत्तरीला आलेले आई-बाबा आणि दहा वर्षांची लेक. एका कंपनीची ‘एका दिवसात पिसा, सान जिमिन्यानो, सिएना आणि कियांती’ अशी, आसपासची गावं आणि द्राक्षमळ्यांचा कियांती भाग दाखवणारी, बारा तासांची बससहल घ्यावी का, शहरात गाईड लागेल का, आणि आईंचे गुडघे दुखतात तर काय वगळावं, असं तुम्ही विचारलंय. बाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे, हेही जाता जाता लिहिलंय. त्यावर शेवटी सविस्तर लिहिते, ते कृपया वगळू नका.

मी जर्मनीत राहते. फ्लॉरेन्सला आतापर्यंत सहा वेळा गेले, त्यातल्या दोन वेळा घरातल्या ज्येष्ठांना घेऊन.

आधी बससहलीचं. ती घेऊ नका. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन अशीच एक सहल केली होती. चार ठिकाणं एका दिवसात करायची म्हणजे साडेचार-पाच तास निव्वळ बसमध्ये जातात. त्यात मोठ्या बसला जुन्या गावात शिरायला परवानगी नसते, ती लांबच्या तळावर थांबते आणि तिथून चालत जायचं. पिसाला आम्हाला तासभर मिळाला, त्यातली वीस मिनिटं तळावरून कललेल्या मनोऱ्यापर्यंत पोचण्यात गेली. सासऱ्यांना कॅथेड्रल आतून बघायचं होतं, तिकिटाच्या रांगेपर्यंत जाऊन परत फिरावं लागलं. सिएनाला सासूबाई मुख्य चौकात जेमतेम टेकल्या आणि झेंडेवाल्या बाईंनी निघायची हाक दिली. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “मी आज फक्त खिडकी बघितली गं.” त्यांचं ते वाक्य मला अजून लागतं, कारण त्या परत युरोपात आल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. इटलीत परवानाधारक गाईड वेगळा आणि गटासोबत फिरणारा ‘आक्कोम्पान्यातोरे’, म्हणजे सोबती, वेगळा. सोबती वेळ सांभाळतो, माणसं मोजतो, बसमध्ये चार वाक्यं बोलतो. चर्चमध्ये किंवा संग्रहालयात उभं राहून समजावून सांगणं हे परवानाधारक गाईडचं काम. जाहिरातीत दोघांनाही ‘गाईड’च म्हटलेलं असतं. त्यामुळे कोणतीही सहल घेताना सरळ विचारा: प्रत्येक गावात परवानाधारक गाईड आहे का, आणि त्या गावात प्रत्यक्ष किती वेळ मिळणार? दोन्हींची लेखी उत्तरं देणाऱ्याकडेच पैसे भरा.

माझ्या मते गाईडवर खर्च करायची खरी जागा फ्लॉरेन्स शहरात आहे, आणि तीही सगळीकडे नाही. दुओमोच्या, म्हणजे मुख्य कॅथेड्रलच्या, चौकासाठी आणि उफ्फिझी या चित्रसंग्रहालयासाठी घ्या. दोन्ही ठिकाणी नुसतं बघून डोळ्यांपुढून शंभर गोष्टी सरकतात आणि हाती काही लागत नाही.

दुओमोच्या चौकाचा माझा अनुभव सांगते. बाप्तिस्तेरीच्या, म्हणजे कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या, पूर्वेच्या दारासमोर कायम गर्दी असते, लोक सोनेरी दाराचा फोटो काढतात आणि पुढे जातात. आमच्या गाईडबाईंनी आम्हाला दाराच्या अगदी जवळ नेलं आणि चौकटीतलं लिंबाएवढं एक डोकं दाखवलं. टक्कल पडलेला, किंचित हसरा माणूस. तो गिबेर्ती, दार घडवणारा स्वतः. 1425 ते 1452 अशी सत्तावीस वर्षं तो या एका दारावर काम करत होता. तिथे आहे ती प्रतिकृती. मूळ दार चौकापलीकडच्या ‘ओपेरा देल दुओमो’ संग्रहालयात काचेमागे आहे. मग बाईंनी आम्हाला वळवून कॅथेड्रलच्या घुमटाकडे बघायला लावलं आणि 1401 ची गोष्ट सांगितली. बाप्तिस्तेरीच्याच आधीच्या एका दारासाठी स्पर्धा लागली होती, त्यात गिबेर्ती जिंकला आणि ब्रुनेलेस्की हरला. त्याच ब्रुनेलेस्कीने पुढे 1420 ते 1436 या काळात समोरचा घुमट बांधला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न उभारता. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा घालत नेल्या, त्यामुळे माशाच्या काट्यासारखी वीण तयार झाली आणि चुना वाळेपर्यंत त्या उभ्या विटांनी आडव्या विटांना घसरू दिलं नाही. बाईंनी हे स्वतःची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, रात्री जेवताना तो तसंच करून वेटरला दाखवत होता. तुमच्या लेकीसाठी एवढ्याचसाठी तरी गाईड घ्या.

घुमटावर चढायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वाट घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांच्या मधून अरुंद होत जाते. आईंना तिथे नेऊ नका. तुम्ही आणि लेक चढा, तोवर आई-बाबांना ओपेरा संग्रहालयात बसवा. तिथे लिफ्ट आहे, मूळ दारं आहेत, मायकेलअँजेलोने म्हातारपणी कोरलेलं ‘पिएता’, म्हणजे मृत येशूचं, शिल्प आहे, आणि गच्चीवरून घुमट अगदी समोर दिसतो. घुमटाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि ती बदलून मिळत नाही, म्हणून पोचण्याच्या दिवशी ती ठेवू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलीच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकवर एक ओढणी असू द्या.

उफ्फिझीला दोन तासांचा लहान गट पुरे. कानात हेडसेट मिळतो, त्यामुळे बाबांना ऐकू न येण्याची अडचण राहत नाही. लिफ्ट आहे. सकाळची पहिली वेळ धरा. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्यासाठी मात्र गाईड नको. अकादेमिया संग्रहालयात शिरून लांब दालनाच्या टोकाला तो दिसला की माणूस आपोआप गप्प होतो. लेकीला एवढंच सांगा की त्याची उंची 5.17 मीटर आहे, दोन शिल्पकारांनी सुरुवात करून सोडून दिलेल्या संगमरवराच्या ठोकळ्यातून तो निघालाय, आणि 1873 पर्यंत तो चौकात उघड्यावर उभा होता. उफ्फिझी आणि अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. तुमच्या चार रात्रींत सोमवार येत असेल तर तो बाहेरगावासाठी ठेवा. दोन्हींची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधात वर येणाऱ्या बऱ्याच साइट्स तेच तिकीट चढ्या भावाने विकतात.

आता बाहेरगावाचं. चार रात्रींत दोन सहली पुरे.

पहिली पिसा आणि लुक्का, ट्रेनने, आपलं आपण. पाट्यांवर शहराचं नाव ‘फिरेंझे’ असतं आणि तुमचं स्टेशन सांता मारिया नोवेल्ला, हे आई-बाबांनाही सांगून ठेवा. तिथून पिसाला तासाभराची गाडी आहे. प्रादेशिक गाडीचं भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढून स्वस्त मिळत नाही, त्यामुळे त्या दिवशीची हवा बघून निघालात तरी चालतं. एकच जपा: कागदी तिकीट असेल तर गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्यायचं, आणि मोबाइलवरचं असेल तर ‘चेक-इन’ करायचं. राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो.

पिसाला मनोऱ्याच्या जवळचं स्टेशन पिसा सान रोस्सोरे आहे, मुख्य स्टेशनवरून गाडी बदलून तिथे उतरलात की चालणं बरंच वाचतं. मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, तुमची लेक जाऊ शकेल. 1173 मध्ये काम सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत येईतो तो कलू लागला, कारण खालची माती मऊ. 1990 मध्ये धोका म्हणून बंद केला, उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढत थोडा सरळ केला आणि 2001 मध्ये पुन्हा उघडला. वर चढताना पाय एकदा आतल्या आणि एकदा बाहेरच्या भिंतीकडे ओढले जातात, ते मुलांना फार आवडतं. चौकात चण्याच्या पिठाची, ओव्हनमध्ये भाजलेली ‘चेचिना’ विचारा. आपल्या बेसनाच्या पोळ्याची ती सख्खी बहीण, आणि पूर्ण शाकाहारी. आई-बाबांची सोय होऊन जाईल.

दुपारी सान रोस्सोरेहूनच लुक्का, अर्धा तास. ज्येष्ठांसाठी तोस्काना प्रांतातलं माझं सर्वांत आवडतं गाव हेच. गाव सपाट आहे, स्टेशन तटबंदीला लागून, आणि तटाची साधारण 4.2 किलोमीटरची फेरी म्हणजे वरून झाडांच्या सावलीतला रुंद रस्ता. तुम्ही आणि लेक भाड्याची सायकल घेऊन फेरी मारा, आई-बाबा बाकावर बसून गाव बघतील. अंडाकृती चौक जरूर बघा. रोमन अँफिथिएटरच्या पायावर घरं उभी राहत गेली आणि मूळ आकार तसाच राहिला. इथे गाईड, वेळापत्रक काही नको.

दुसरी सिएना. इथे मात्र ट्रेन नको, बस घ्या. सिएनाचं स्टेशन टेकडीच्या खाली आहे, फ्लॉरेन्सहून सुटणारी जलद बस, म्हणजे ‘रापिदा’, जुन्या गावाच्या कडेला सोडते. सव्वा ते दीड तास लागतो. तिथला मुख्य कांपो चौक शिंपल्यासारखा एका बाजूला उतरता आहे, लोक तिथे विटांच्या फरसबंदीवर खुशाल बसतात, तुम्हीही बसा. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला इथेच पालिओची घोड्यांची शर्यत होते. सतरा मोहल्ले आहेत, धावतात दहा. गल्लीगल्लीत भिंतीवर गोगलगाय, हंस, कासव अशा मोहल्ल्यांच्या खुणा आहेत. लेकीला त्या शोधायच्या कामाला लावा, तिचा दिवस त्यातच जाईल. चढउतार आहेत, म्हणून आईंसाठी काठी न्याच.

सान जिमिन्यानो आणि कियांती बघायचंच असेल तर त्यासाठी आठ जणांची छोटी गाडी घेणं मला पटतं, कारण तिथे खरोखर सोय लागते. सान जिमिन्यानोला रेल्वे नाही, पोज्जिबोन्सीला बस बदलावी लागते. द्राक्षमळे तर आडरस्त्यालाच. भाड्याची कार घेऊन जायचा मोह टाळा. जुन्या गावांत फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी असलेली क्षेत्रं आहेत, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एकाच संध्याकाळच्या तीन पावत्या आल्या. तुमच्याकडे वाइन कुणी घेत नसेल तर ऑलिव्ह तेलाची चव देणारा मळा मागून घ्या, बहुतेक ठिकाणी असतो. पण मग सिएनाची वेगळी सहल सोडा. दोन्ही करायचा हट्ट धरू नका.

चिंक्वे तेर्रेचंही, म्हणजे समुद्रकाठच्या त्या पाच गावांचंही, तुम्ही ओझरतं विचारलंय. जाऊन येऊन पाच तास आणि तिथे पायऱ्याच पायऱ्या. यावेळी नको.

आता राजाराम महाराज. बाबांच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज फ्लॉरेन्समध्ये वारले. राजर्षी शाहूंचे चिरंजीव राजाराम ते हे नव्हेत, हे शाहूंच्या आधीचे. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले होते, परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला गेले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि तिथे दहनाची पद्धत नव्हती. नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि शहराबाहेर, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, हिंदू पद्धतीने त्यांचं दहन झालं. त्या जागी 1874 मध्ये त्यांची स्मारक-छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, फेटा आणि गळ्यात दागिने. तिथल्या लोकांनी त्या जागेला ‘इंदियानो’ असं नाव दिलं आणि शेजारून जाणाऱ्या 1978 च्या पुलाचं नावही तेच.

मी पहिल्या चार खेपांना तिथे गेले नव्हते, कारण कोणत्याच सहलीच्या यादीत ते नव्हतं. पाचव्या वेळी सासऱ्यांना घेऊन गेले. समोर नदी, डोक्यावर झाडं, सायकलवाले जातायत, आणि मध्ये आपल्या गावाकडच्यासारखी एक छत्री. सासरे चपला काढून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही, मग म्हणाले, “घरी कळायला किती दिवस लागले असतील?”

ही जागा काशिने बागेच्या पश्चिम टोकाला आहे. स्टेशनजवळून ट्राम बागेपर्यंत जाते, पण तिथून टोकापर्यंत तीन किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं, आईंना ते झेपणार नाही. स्टेशनच्या स्टँडवरून टॅक्सी घ्या, ‘मोनुमेंतो आल इंदियानो’ एवढं सांगितलं की पुरे. रस्त्यात हात करून टॅक्सी मिळत नाही, म्हणून त्याच टॅक्सीला अर्धा तास थांबायला सांगा किंवा परतीसाठी फोन नंबर मागून ठेवा. सकाळी दहाच्या आत गेलात तर ऊनही लागणार नाही.